आबा, एजंट नोकरी देईल. नोंदणी लेकीलाच काढावी लागेल

मागच्या लेखावर चोपड्याच्या एका वाचकांची खरमरीत प्रतिक्रिया आली आहे. नाव फक्त 'आबा' लिहिलंय. परदेशात जाऊ पाहणाऱ्या नर्सनं एजंटला पैसे देण्याआधी स्वतःच्या नोंदणीचे कागद जुळवावेत, असं मी त्या लेखात म्हटलं होतं. आबा लिहितात: "ताई, तुम्ही तिकडे पोचल्या आणि आता आमच्या पोरींना घाबरवता. माझी मुलगी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली आहे, जळगावला खासगी दवाखान्यात ड्यूटी करते. एजंट सहा लाखात इंग्लंडची गॅरंटी देतो. सध्या केअरर (म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारी) म्हणून पाठवतो, रजिस्ट्रेशन तिथं गेल्यावर होतं म्हणतो. मराठी शाळेत शिकलेली पोर एकटी ही फॉर्मबाजी कशी करणार? केरळच्या पोरी काय सगळं स्वतः करतात? शहाणपण शिकवणं सोपं असतं."

उत्तर लांबलं, म्हणून खाली प्रतिक्रियेत न लिहिता वेगळं टाकते आहे.

आबा, रागावलात त्याचं वाईट वाटलं नाही. सहा लाख कुठून उभे करायचे हा विचार ज्याला करावा लागतो त्यानं रागवावंच. पण तुमच्या एजंटच्या दोन वाक्यांपैकी एक अर्धं खरं आहे आणि दुसरं आता पूर्ण खोटं आहे.

आधी खोटं सांगते. केअरर म्हणून परदेशातून थेट भरती इंग्लंडनं २२ जुलै २०२५ पासून बंद केली आहे. त्याआधी त्या व्हिसावर आपल्याकडच्या बऱ्याच नर्सेस आल्या, लाखो रुपये भरून. काहींना इथं इंग्लंडमध्ये आल्यावर कामाचे तासच मिळाले नाहीत, काहींच्या मालकाचं परदेशी माणसं आणण्याचं लायसन्स गेलं. तो दरवाजा आता बंद आहे. आजही कुणी 'केअरर म्हणून जा, मग नर्स हो' असं विकत असेल, तर तो जुनं पत्रक वाटतोय किंवा तुमच्याशी थेट खोटं बोलतोय. त्याला एवढंच विचारा: ऑफर लेटरवर पदाचं नाव काय असेल?

आता अर्धं खरं. 'रजिस्ट्रेशन तिथं गेल्यावर होतं' हे शेवटच्या पायरीपुरतं बरोबर आहे. इंग्लंडमध्ये नर्सची नोंदणी नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल करते, इथं सगळे तिला एनएमसी म्हणतात. तिच्याकडे अर्ज, शिक्षणाची तपासणी, इंग्रजीचा पुरावा आणि सीबीटी नावाची संगणकावरची परीक्षा हे सगळं भारतात बसूनच होतं. सीबीटीचे दोन भाग असतात: औषधाच्या मात्रेची गणितं, १५ प्रश्न, आणि नर्सिंगचे १०० प्रश्न. एवढं झालं की इथलं हॉस्पिटल नर्स म्हणून व्हिसा काढतं. मग इथं येऊन ओस्की, म्हणजे दहा स्टेशनांची प्रात्यक्षिक परीक्षा. रुजू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत पहिल्यांदा ओस्कीला बसावं लागतं आणि आठ महिन्यांत नोंदणी पुरी व्हावी लागते; तशी अटच व्हिसाच्या नियमांत आहे. ओस्की पास झालं की पिन, म्हणजे नर्सचा नोंदणी क्रमांक, येतो. पिन येईपर्यंत ती निळा गणवेश घालून नर्सच्या जागेवर उभी राहू शकत नाही, पगारही खालच्या बँडचा, म्हणजे खालच्या वेतनश्रेणीचा.

म्हणजे शेवटची पायरी इथं आणि आधीच्या सगळ्या तिथं. आधीच्या पायऱ्या चढल्याशिवाय विमानात बसवणारा माणूस तुमच्या लेकीला नर्स म्हणून पाठवत नसतो.

सहा लाखांचं गणित मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. कौन्सिलच्या नोंदणीची फी अशी: शिक्षणाची तपासणी १४० पौंड, सीबीटी ८३ पौंड, ओस्की ७९४ पौंड, आणि शेवटी नोंदणीची फी वेगळी. ओस्की पहिल्या खेपेला निघालं नाही तर पुन्हा पैसे जातात, हे मनात धरून ठेवा. यातलं ओस्की, बऱ्याचदा सीबीटी आणि विमानाचं तिकीटसुद्धा भरती करणारं सरकारी हॉस्पिटल देतं किंवा परत करतं. शिवाय ब्रिटिश सरकारच्या भरती-संहितेत साफ लिहिलंय की नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायचे नाहीत. एजन्सीनं ते हॉस्पिटलकडून घ्यावेत. ती संहिता पाळणाऱ्या एजन्सींची यादी एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) एम्प्लॉयर्सच्या साइटवर सगळ्यांना दिसते. तुमच्या माणसाचं नाव त्यात शोधायला पाच मिनिटं लागतील. आपल्याकडचा कायदाही आहे: परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेल्या भरती एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. सहा लाख आणि तीस हजार यांच्या मध्ये जे आहे त्याची पावती मागा. (मिळणार नाही. पण मागा.)

आणखी एक, जे एजंट कधीच सांगणार नाही. करोनानंतरच्या दोन-तीन वर्षांत एनएचएसनं परदेशी नर्सेसची जी भरती केली, ती आता खूपच आटली आहे. माझ्याच वॉर्डात आता नवीन चेहरे क्वचित दिसतात. तेव्हा सीबीटी पास होऊनही नोकरीसाठी वाट बघावी लागू शकते, आणि अशा बाजारात 'गॅरंटी' हा शब्द तोंडातून काढणाऱ्याला मी तरी घरात बसवणार नाही.

आता फॉर्मबाजी. इथं तुमचा मुद्दा मला पटतो, कारण खरी गाडी इथंच अडते. फॉर्म कठीण नसतात, मागचे कागद कठीण असतात, आणि तुमच्या मुलीचे कागद जळगाव-चोपडा-मुंबई एवढ्याच भागात आहेत. एजंट ते इंग्लंडहून आणू शकत नाही. त्याला ते तिच्याकडूनच मागावे लागणार, आणि तेव्हाच कळेल की काय काय नाहीये.

नावापासून बघा. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव वेगळं, आणि 'गिव्हन नेम'मध्ये कधी वडिलांचं नाव असतं, कधी नसतं. जीएनएमच्या सर्टिफिकेटवर तिसराच क्रम. त्यात लग्न झालं असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीत माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. आपल्याला यात काहीच वावगं दिसत नाही, गावात सगळे ओळखतात. परदेशी कौन्सिलमधला कारकून मात्र या दोन वेगळ्या बायका समजतो. राजपत्रात नावबदल आणि विवाह नोंदणीचा दाखला, हे दोन कागद आधी करून ठेवले नाहीत तर पुढचा प्रत्येक टप्पा एकेका महिन्यानं लांबतो.

मग कौन्सिल. तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना? दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि खासगी दवाखान्यात कुणी आठवण करून देत नाही. ते चुकलेलं असेल तर परदेशी कौन्सिलला जे 'गुड स्टँडिंग' (नोंदणी चालू आहे, तक्रार नाही असा दाखला) आणि व्हेरिफिकेशन हवं असतं ते निघतच नाही. हे व्हेरिफिकेशन कौन्सिलकडून कौन्सिलकडे परस्पर जातं. तुमच्या हातात लिफाफा येणार नाही, आणि 'मी आणून देतो' म्हणणाऱ्याच्या हातात तर येऊच नये. बीएस्सी असती तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कागद लागले असते. जीएनएमला नर्सिंग स्कूल आणि परीक्षा मंडळ. अमेरिका, आयर्लंड, जर्मनीला तर कुठल्या विषयाचे किती तास शिकवले, वॉर्डात किती तास काढले, असं तासांत मोडलेलं ट्रान्सक्रिप्ट लागतं. काही नर्सिंग स्कूलांना ते कसं लिहायचं तेच ठाऊक नसतं. रेकॉर्ड ठेवणाऱ्या बाईंशी गोड बोलून, नमुना छापून नेऊन ते करून घ्यावं लागतं.

आणि अनुभव. आबा, हे जरा नीट वाचा. आपल्याकडच्या किती दवाखान्यांत सिस्टरला नेमणूकपत्र मिळतं? पगार हातात रोख, हजेरी वहीत, सोडताना डॉक्टरांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या की झालं. इंग्लंडची कौन्सिल अनुभवावर फारशी अडत नाही, पण नोकरी देणारं हॉस्पिटल अडतं. आखातात तर डाटाफ्लो नावाची कंपनी प्रत्येक कागद जिथून निघाला तिथं थेट विचारते: ही बाई तुमच्याकडे होती का, कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या पदावर? डॉक्टरसाहेबांनी तो ई-मेल उघडलाच नाही किंवा 'आमच्याकडे रेकॉर्ड नाही' म्हटलं की तिची खरी तीन वर्षं शून्य होतात. मी शिकवत असताना एका दवाखान्यानं एका मुलीची मूळ सर्टिफिकेटं बाँड म्हणून कपाटात ठेवून घेतली होती. ती परत मिळेपर्यंत तिच्या आयईएलटीएसच्या, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेच्या, निकालाची मुदत संपली. तुमच्या मुलीला उद्याच सांगा: नेमणूकपत्र मागायचं, पगार बँकेत घ्यायचा, मूळ कागद कुणालाच द्यायचे नाहीत.

मराठी शाळेचं म्हणाल, तर मीही तिथलीच. एनएमसीला आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. सगळं एका बैठकीत बसलं नाही तर बारा महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे गुण जोडता येतात, अर्थात प्रत्येक भागात एक किमान पातळी राखून. आपल्या मुली पडतात त्या लेखनात. शहरांतल्या रहदारीवर निबंध लिहायला सांगितलं की सुचत नाही. म्हणून मी सरसकट ओईटी सुचवते, ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजी परीक्षा. फी बरीच जास्त आहे, पण लेखनात पेशंटच्या नोंदी देऊन रेफरल किंवा डिस्चार्जचं पत्र लिहायला लावतात आणि बोलण्यात नर्स-पेशंटचा संवाद असतो. पाळी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटचा हँडओव्हर देणाऱ्या मुलीला हे परकं वाटत नाही. तिथं तीन भागांत बी आणि लेखनात सी प्लस पुरतं. अगदी थोडक्यात हुकलं तर इंग्लंडमधल्या मालकाच्या दाखल्याचीही एक सोय एनएमसीनं २०२३ पासून केली आहे, पण ती इथं वर्षभर आरोग्यसेवेत काम केलेल्यांसाठी आहे, जळगावहून अर्ज करणाऱ्यांच्या कामाची नाही.

ओस्कीची भीती तर अजिबात घालू नका. हाताला आपल्या मुली पक्क्या असतात. तीस खाटांच्या वॉर्डात रात्रपाळी एकटीनं काढलेल्या पोरीला सलाईन कुणी शिकवायची? गुण जातात ते तोंड बंद ठेवल्यामुळे. आपण 'कसं वाटस आबा, हात द्या बरं' म्हणत सुई टोचूनही मोकळे होतो. ओस्कीत आधी नाव, जन्मतारीख, हातातला पट्टा, ॲलर्जी, संमती, आणि हे सगळं मोठ्यानं. हात धुतानासुद्धा. दोन आठवडे आरशासमोर बडबड केली की जमतं.

केरळच्या पोरी सगळं स्वतः करत नाहीत, हे तुमचं बरोबर. त्यांच्यामागे नॉर्का रूट्स आणि ओडेपेक या राज्य सरकारच्या संस्था आहेत, आणि प्रत्येक घरात आधी गेलेली एखादी मावशी असते जिला रात्री अकराला फोन करता येतो. आपल्याकडे हे जवळपास नव्हतंच. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. जर्मनीचा मार्ग लांब आहे: नोंदणीसाठी जर्मन भाषा बी२ पातळीपर्यंत, शिवाय आपल्या अभ्यासक्रमात काय कमी पडतं ते दाखवणारा निर्णय येतो आणि मग तिथं परीक्षा किंवा काही महिन्यांचं प्रशिक्षण. पण इंग्रजीच्या धास्तीनं मागं फिरणाऱ्या मुलीला तो खरंच बरा पडू शकतो. भाषेच्या वर्गात सगळेच शून्यापासून सुरू करतात, कॉन्व्हेंटवालेही.

एजंट नकोच असं मी कुठं म्हटलेलं नाही. चांगला एजंट मुलाखत ठरवून देतो, व्हिसाचे कागद बघतो, विमानतळावर माणूस पाठवतो. पण एनएमसीच्या खात्याचा पासवर्ड तिचा, ई-मेल तिचा, मोबाइल नंबर तिचा. 'सोपं पडतं' म्हणून एजंटचा ई-मेल टाकून खातं उघडलेल्या मुली मी बघितल्या आहेत. भांडण झालं की अर्ज त्याच्या ताब्यात, आणि कौन्सिलचं पत्र आलंय हेही तिला कळत नाही.

तर आबा, टोकन दिलं नसेल तर थांबा. दिलं असेल तर करारातलं परतफेडीचं कलम आणि नोकरी सोडली तर किती भरायचे ते कलम, ही दोन पानं नाव खोडून मला पाठवा, मी वाचून सांगते. आणि मुलीलाच लिहू द्या. तिची जीएनएमची बॅच, कौन्सिलचं नूतनीकरण कधीपर्यंतचं आहे आणि पासपोर्टवर नाव कसं छापलंय, एवढं तिनं कळवलं की कुठला देश आधी धरायचा ते ठरवता येईल.