प्रतिक्रियेला उत्तर: जाड गोळी, हळू गोळी आणि ओहायोतलं हरीण

दादा, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली आणि मग आठवडाभर तशीच ठेवली, कारण त्यात एक मुद्दा असा आहे की त्याला घाईत उत्तर देणं बरं दिसलं नसतं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मी इथे अमेरिकेत, ओहायो राज्यात, ४५-७० या जुन्या रायफल काडतुसाने हरणाची शिकार करतो हे मागच्या लेखात लिहिलं होतं, त्यावर दादांचं म्हणणं असं की हरणाएवढ्या जनावरावर दीडशे वर्षांपूर्वीची ही जाडजूड गोळी चालवणं म्हणजे तोफ डागणं, मांसाचा चिखल होतो. शिवाय गोळी इतकी संथ की लांबच्या जनावराला नीट लागत नाही, ते जखमी होऊन तडफडत मरतं, त्यापेक्षा सरळ ३०८ किंवा २४३ यांसारखी वेगवान गोळीची रायफल घ्यावी. आणि ओहायोतच सिनसिनाटीला राहणारा त्यांचा भाचा माझं वाचून जुनी ट्रॅपडोअर रायफल (वरची झडप उघडून एकेक काडतूस भरायची) विकत घ्यायला निघालाय, त्याची जबाबदारी कोणाची?

सगळ्यात आधी ३०८ चं, कारण भाच्याला ते आजच सांगायला हवं. ओहायोत हरणासाठी ३०८ चालत नाही. २४३ नाही, थर्टी-ओ-सिक्स पण नाही. इथे वर्षानुवर्षं हरणाला फक्त स्लग म्हणजे एकच जाड गोळी टाकलेली शॉटगन, तोंडाकडून भरायची बंदूक, पिस्तूल नाहीतर धनुष्य एवढंच चालायचं, आणि २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी मिळाली, म्हणजे ज्या काडतुसाला बाटलीसारखी मान नसते, खालपासून वरपर्यंत नळकांड्यासारखं सरळ असतं ते. ४५-७० त्यात बसतं. ३०८ ला मान आहे, म्हणून ती बाद. यामागचं कारणही नीट समजण्यासारखं आहे, ओहायोचा बराच भाग सपाट शेतीचा आणि मधेमधे घरं, तिथे वेगवान टोकदार गोळी चुकली तर फार लांब जाते, जड बोथट गोळीचा वेग लवकर मरतो आणि ती लवकर जमिनीला लागते. तरी मागे मातीचा चढ नसेल तर मी घोडा ओढत नाही, कायद्याने परवानगी दिली म्हणून गोळी थोडीच थांबते.

आता तोफेचं. ४५-७० हे नाव ऐकून सगळ्यांना तसंच वाटतं, मलाही वाटायचं. ४५ म्हणजे गोळीची जाडी, इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले पंचेचाळीस, आणि ७० म्हणजे ७० ग्रेन बंदुकीची काळी दारू (ग्रेन हे वजनाचं बारीक माप, साधारण साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम). १८७३ साली अमेरिकन लष्कराने स्प्रिंगफील्डच्या ट्रॅपडोअर रायफलीसाठी हे काडतूस घेतलं, त्यात ४०५ ग्रेनची शिशाची गोळी असायची. आपल्या मापात सांगायचं तर सव्वादोन तोळे शिसं. ३०८ ची नेहमीची १५० ग्रेनची गोळी एक तोळासुद्धा भरत नाही. पण वजन म्हणजे ताकद नव्हे ना दादा. आज दुकानात मिळणारं जुन्या धाटणीचं ४०५ ग्रेनचं काडतूस गोळीला सेकंदाला साधारण १३३० फूट वेग देतं आणि नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा भरते १५९० फूट-पाउंडच्या आसपास. तुमच्या ३०८ ची २६५० च्या आसपास. आणि २४३, जी अमेरिकेत लोक शाळकरी मुलांच्या हातात पहिली रायफल म्हणून देतात, तिची १९०० च्या वर. म्हणजे जिला तुम्ही तोफ म्हणता ती कागदावर या तिघींत सगळ्यात कमी ताकदीची आहे. तिची सगळी मदार जाडीवर आणि वजनावर. फुलली नाही, पसरली नाही तरी ती आत शिरतानाच अकरा मिलिमीटरच्या वर जाड असते, आणि वजनामुळे मधेच थांबत नाही, आरपार जाते.

मांसाच्या चिखलाचं नेमकं उलटं आहे. चिखल करतो तो वेग. वेगवान गोळी आत गेल्यावर झटक्यात फुलते, आजूबाजूचे स्नायू क्षणभर फाकतात आणि फाटतात, रक्त मांसाच्या थराथरांत शिरतं. चार वर्षांपूर्वी शेजारच्या राज्यात एका मित्राने चाळीस यार्डांवरून वेगवान गोळीने नर मारला, खांद्यात लागली. सोलायला मी होतो. कातडी ओढली तर खालचा अख्खा खांदा काळपट जांभळ्या जेलीसारखा हाताला लागला, सुरी कुठे लावायची तेच कळेना, शेवटी पुढचा एक पाय जवळजवळ सगळाच टाकून द्यावा लागला. माझ्या मनातून ते अजून जात नाही. जनावराचा जीव घेतला आणि त्यातला एवढा भाग फेकला.

आणि हे मागच्या सीझनचं. नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाला की पुढच्या सोमवारपासून इथे बंदुकीचा आठवडा सुरू होतो. मी विंटन काउंटीतल्या टेकड्यांत, ओकच्या उतारावर, उजाडायच्या आधी जाऊन बसलो होतो. पाचोळ्यावर दहिवर गोठलेलं, त्यामुळे खारीचं पाऊलसुद्धा माणूस चालल्यासारखं वाजत होतं. आठच्या सुमारास ओढ्याच्या बाजूने मादी वर आली, थांबली, मान वळवून मागे बघायला लागली. रेंजफाइंडरमध्ये ६२ यार्ड. पुढच्या पायाच्या मागच्या बाजूला, खालून एक तृतीयांशावर नेम धरला. या गोळीचा दणका कोरडा टणत्कार नसतो, घुमतो, आणि त्याच्या मागोमाग लागल्याचा आवाज येतो, ओल्या पोत्यावर हात मारल्यासारखा. मादीने मागचे पाय झाडले आणि पळाली. मी वीस मिनिटं जागेवरून हललो नाही. मग उतरून गेलो तर दोन्ही बाजूंनी रक्त होतं, पाचोळ्यावर फेसाळ लाल थेंब, डावीकडे आणि उजवीकडे, शोधायची गरजच नव्हती, पन्नास पावलांवर पडलेली होती. पोट साफ करताना मी फासळ्यांतून बोट घालून बघितलं. जाताना अंगठा जाईल एवढं भोक, बाहेर पडताना त्याहून थोडं मोठं, मधे दोन्ही फुप्फुसं गेलेली, आणि भोकापासून दोन बोटांवरचं मांस स्वच्छ गुलाबी. इथले म्हातारे शिकारी या काडतुसाबद्दल म्हणतात की भोकाच्या कडेपर्यंत खाता येतं, ते अक्षरशः खरं आहे. त्या मादीचे दोन्ही खांदे आमच्या घरी काळ्या मसाल्याच्या रश्शात गेले, काहीही फेकलं नाही.

शिशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. वेगात फुटणाऱ्या गोळीचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. कडक ओतीव शिशाची हळू गोळी बरीचशी अख्खीच राहते. आमच्याकडे लहान मुलं ते मांस खातात, मला हा मुद्दा बारीकसा वाटत नाही.

आता ज्यामुळे मी आठवडाभर थांबलो तो मुद्दा. लांबच्या जनावराचं तुमचं म्हणणं पूर्ण खरं आहे. १०० यार्डांवर नेम बसवला तर ही ४०५ ग्रेनची गोळी १५० यार्डांवर जवळजवळ वीतभर खाली जाते, २०० वर दोन फूट आणि ३०० वर साडेसहा फुटांच्या पुढे. ३०८ तशीच बसवली तर २०० वर चारेक इंच खाली, बस. माझ्या पहिल्या सीझनला माझ्याकडे रेंजफाइंडर नव्हता. मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला नर उभा होता, मी मनाशी म्हटलं शंभर यार्ड, आणि घोडा ओढला. नंतर पावलांनी मोजलं तर दीडशेला टेकलं. जिथे तो उभा होता तिथे पांढऱ्या केसांचा एक झुबका पडलेला, छातीच्या खालचे केस. रक्ताचा थेंब नाही. दोन तास गुडघ्यावर बसून खोडव्यातून आणि पलीकडच्या झाडीतून शोधलं, काही नाही. बहुतेक गोळी केस कापून खालून गेली असणार, पण दोन इंच वर असती तर तुम्ही म्हणता तेच झालं असतं, आणि ते माझ्यामुळे झालं असतं. त्या दिवसापासून माझी हद्द १२५ यार्ड. त्याच्यापुढे मी सोडून देतो, कितीही मोठा नर असला तरी, आणि सोडलेत. दादा, हा दोष काडतुसाचा म्हणून तुम्ही मांडलात, तो अंतर न मोजणाऱ्या माणसाचा आहे असं मी मांडेन, पण या काडतुसात त्या चुकीला माफी फार कमी आहे हे मला मान्य आहे आणि मागच्या लेखात ते लिहायला हवं होतं.

अजून एक गोष्ट मी मागच्या वेळी चुकीची लिहिली होती. जड गोळी झुडपांतून सरळ जाते म्हणून. जात नाही. फांदीला घासली की कुठलीही गोळी वळते. झुडपाआडच्या जनावरावर गोळी चालवू नये, कुठल्याच रायफलीने.

हरीण मारायचंच कशाला, असंही तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. इथली गोष्ट वेगळी आहे. १९०४ पर्यंत ओहायोत पांढऱ्या शेपटीचं हरीण संपलं होतं, मग बाहेरून आणून सोडली, जपली, १९४३ साली तीन काउंट्यांत पुन्हा शिकार सुरू झाली आणि आज सगळ्या ८८ काउंट्यांत हरणं आहेत. हरणांना खाणारे लांडगा आणि कुगर (डोंगरी सिंह) इथून कधीच गेले. एका सीझनला शिकारी दोन लाखांच्या आसपास हरणं घेतात आणि तरी ती टिकून आहेत. हा विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन.

भाच्याकडे येतो. जबाबदारी विचारलीत तर थोडी माझी आहेच, म्हणून सविस्तर. तो कुठल्या व्हिसावर आहे ते आधी बघा. केंद्राच्या कायद्यात तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतूस बाळगायला मुळात बंदी आहे, शिकारीचा वैध परवाना असेल तर त्यात सूट मिळते, तेव्हा आधी शिकारीच्या शिक्षणाचा कोर्स, मग परवाना, हवं तर वकिलाचा सल्ला, आणि मगच दुकान. दुसरं, जुनी ट्रॅपडोअर घेतलीच तर तिच्यात हल्लीची जोरदार काडतुसं कधीही घालायची नाहीत. बाजारात ४५-७० या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या दाबाची काडतुसं मिळतात, काही फक्त मजबूत नव्या रायफलींसाठी बनवलेली असतात, पण जातात सगळी त्याच नळीत. त्या जुन्या रायफलीची वरची झडप एका छोट्या कुलपावर बंद राहते, आणि डोळा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो. खोक्यावर ट्रॅपडोअरला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते खोकं परत करावं. आणि घेण्याआधी जाणत्या गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडून, तपासून घ्यावी, चेंबर, झडप, नळी, सगळं.

माझं विचाराल तर त्याने पहिल्या वर्षी ट्रॅपडोअर घेऊच नये. ३५० लेजंडची रायफल घ्यावी, सरळ भिंतीचं काडतूस आहे, ओहायोत चालतं, खांद्याला धक्का कमी, दीडशे यार्डांपर्यंत नवशिक्याला पुरेसं. त्याला ४५-७० च हवी असेल तर नवी लिव्हर-अॅक्शन (खालचा दांडा ओढून पुढचं काडतूस भरायची रायफल) आणि ३०० किंवा ४०५ ग्रेनची सौम्य काडतुसं. लिव्हर-अॅक्शनच्या मुख्य नळीखाली काडतुसं साठवायची दुसरी नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक राहतात, मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला, म्हणजे ठोका बसला की दारू पेटवणाऱ्या भागाला, टेकतं, म्हणून तिच्यात कडक टोकदार गोळी घालायची नाही, चपट्या तोंडाची घालायची किंवा त्यासाठीच बनवलेली मऊ रबरी टोकाची. नोव्हेंबरच्या आधी तो कोलंबसच्या बाजूला येणार असेल तर कळवा, मी त्याला रेंजवर नेईन, ५०, १०० आणि १५० यार्डांवर कागद लावू आणि गोळी कुठे जाते ते त्याला स्वतःला बघू दे.