पंख्यामुळे डिबेट रद्द झाली नव्हती

अमेरिकेतल्या फ्लोरिडाची एक जुनी क्लिप फिरते आहे. स्टेजवर एकटाच उमेदवार, पायाशी छोटा पंखा. सोबत मजकूर: ‘पंख्यावरून भांडण, गव्हर्नरपदाची टीव्ही डिबेट रद्द.’ तसं काही झालं नव्हतं.

प्रसंग १५ ऑक्टोबर २०१४ चा. माजी गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांना भाषणाच्या वेळी पोडियमखाली पंखा लागायचाच, ही त्यांची जुनी सवय. डिबेटमध्ये इलेक्ट्रॉनिक उपकरणं आणायची नाहीत, असा नियम होता. त्यात पंखा येतो का, यावरून घोळ झाला आणि तत्कालीन गव्हर्नर रिक स्कॉट काही मिनिटं बाहेर आलेच नाहीत. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मग स्कॉट आले, चर्चा पूर्ण झाली. क्लिप नेमकी त्याआधी कापलेली आहे, गोम तिथेच. क्रिस्ट येणार की नाही याचीच आम्ही वाट पाहत होतो, असा बचाव स्कॉट यांच्या गोटाने नंतर केला. पटो न पटो.

‘पंख्याने स्कॉट यांना हरवलं’ हीसुद्धा थापच. तिथला गव्हर्नर थेट मतदानाने निवडून येतो, आपल्या राज्यपालांसारखी नेमणूक नसते. आणि त्या नोव्हेंबरात जिंकले स्कॉटच, जेमतेम एका टक्क्याने.