आक्काचा सातवा महिना

कर्नाटकातल्या हासनमध्ये तरणी माणसंही हार्टअटॅकनं गेल्याच्या बातम्या २०२५च्या जूनमध्ये आल्या, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद: कोविडच्या लशीमुळं की बाहेरच्या खाण्यामुळं? लशीचा संबंध नाही, असं सरकारी समितीनं सांगूनही मामा ऐकत नाहीत. नंतर खानापूरच्या आक्काला चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन स्टेंट घातले, तेव्हाही तेच. "ती तर मटणसुद्धा खात नाही," काकू म्हणाल्या. आक्काच्या बाळंतपणाचं नाव कुणी काढलं नाही. मला संताप आला तो याचा.

सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले, बीपी १६०च्या वर गेलं, पोर आठव्यातच सिझेरियन करून काढावं लागलं. "बाळंतपणातलं बीपी बाळंतपणाबरोबर जातंय की," म्हणून सगळे मोकळे झाले. बीपी उतरतं, खरंय. पण अशा बाईला पुढं हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट राहतो, कायमचं बीपी मागं लागण्याचा त्याहून जास्त. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०११ सालीच बायकांच्या हृदयविकाराच्या धोक्यांत हे धरलं.

इथं इंग्लंडात, लीड्समध्ये, मुलीच्या वेळी मलाही तेच झालं. नऊ वर्षं झाली, बीपी मोजायला या म्हणून सर्जरीतून, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्यातून, अजून मेसेज येतो. मी ग्रुपवर लिहिलं, इथं बघा कशी आठवण ठेवतात. मामांनी लिहिलं, "तिकडचं शहाणपण तिकडंच ठेव." फार लागलं ते. आणि हे शहाणपण तिकडचंच कुठं आहे? गरोदरपणी अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी रोज घेतली तर मुदतीआधीची बाळंतपणं कमी होतात, हे ज्या चाचणीत दिसलं आणि २०२० साली छापून आलं, तिच्यात बेळगावच्याही पहिलटकरणी होत्या, नागपूरच्याही.

पण मामांना मी सगळं लिहिलं नाही. माझ्या पहिल्याच तपासणीत मिडवाइफनं विचारलं होतं, आई-बहिणीला असं काही झालं होतं का? मी आक्काचं सांगितलं. तिचा सातवा महिना नऊ वर्षं लीड्सच्या फाइलीत आहे. आणि आक्काला, दर रविवारी फोन करून पावसाचं, कुंद्याचं, निवडणुकीचं बोलणाऱ्या मी, तू बीपी मोजत जा एवढं एकदाही म्हटलं नाही.

मागच्या रविवारी सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती.

"तुला तवाच ठाऊक हुतं?"

हो म्हणाले. मग तिनं धाकट्या जावेला फोनवर बोलावलं. तिला सहावा लागलाय.