रिसीव्हर आपोआप बंद होतो म्हणजे तो निकामी झाला, असे नाही

टीव्ही वगैरेंचा आवाज वाढवून स्पीकरांना देणारा घरातला ऑडिओ-व्हिडिओ रिसीव्हर वारंवार आपोआप बंद होऊ लागला की त्याचा अ‍ॅम्प्लिफायर गेला असे समजावे आणि सरळ नवा घ्यावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याला तीन पुरवण्या जोडलेल्या असतात: आवाज येत होता म्हणजे स्पीकर व वायरी ठीक आहेत, एकदा स्टॅबिलायझर लावून पाहावा, आणि तरीही भागले नाही तर आतला संरक्षक रिले (बिघाड होताच स्पीकरची जोडणी तोडणारा स्विच) थेट जोडून टाकावा. या सल्ल्यापायी चांगली यंत्रे भंगारात जातात, म्हणून त्याचे सविस्तर खंडन आवश्यक वाटते.

मुळात असे बंद होणे हे बहुतेक वेळा संरक्षक सर्किटचे नेमून दिलेले काम असते. स्पीकरकडे प्रमाणाबाहेर करंट जाऊ लागला, आतले तापमान वाढले किंवा स्पीकरच्या टर्मिनलवर (वायर जोडायच्या जागी) डीसी, म्हणजे एकाच दिशेचे, व्होल्टेज आले, तर हे सर्किट यंत्र बंद करते. डेनॉनच्या अनेक रिसीव्हरांमध्ये लाल दिवा साधारण दोन सेकंदांनी लुकलुकला तर ती अतितापमानाची खूण असते आणि अर्ध्या सेकंदाने लुकलुकला तर स्पीकर व त्यांच्या वायरी तपासायच्या असतात. निदानाची सुरुवात या दिव्यापासून आणि माहितीपुस्तिकेपासून व्हायला हवी.

आवाज येत होता म्हणून वायरी निर्दोष ठरत नाहीत. टर्मिनलबाहेर राहिलेला तांब्याचा एखादा बारीक धागा शेजारच्या टर्मिनलला किंवा मागच्या पत्र्याला अधूनमधूनच टेकतो, आणि तेवढे यंत्र बंद पडायला पुरते. दुसरे कारण ओहमचे, म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचे. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच टर्मिनलवर समांतर जोडले की भार ४ ओहमवर येतो, तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट होतो, आणि ६ ओहमपेक्षा कमी भार मान्य नसलेला रिसीव्हर हळू आवाजात तासन्‌तास चालूनही आवाज वाढवताच बंद पडतो. याची परीक्षा फुकट होते. प्लग काढून स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवाव्यात आणि रिसीव्हर नुसता चालू ठेवावा. तो चालू राहिला तर दर वेळी प्लग काढून एकेक स्पीकर परत जोडत जावे. ज्या जोडणीनंतर तो बंद पडेल, तिथली वायर आणि स्पीकर मल्टिमीटरने तपासावेत. ८ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ६ ओहम दाखवतो, शून्याच्या जवळचा आकडा म्हणजे शॉर्ट.

बंद कपाटात कोंबलेला, वर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला रिसीव्हर तापून बंद होतो, हेही त्या सल्ल्यात कुठे येत नाही. काही वेळा तर संरक्षणाचा संबंधच नसतो: ऑटो स्टँडबाय (काही वेळ वापर नसला की यंत्र आपोआप बंद करणारी सोय) चालू असतो, किंवा टीव्ही बंद करताच एचडीएमआयमधून रिसीव्हरलाही बंद होण्याचा आदेश जातो. हे दोन्ही मेनूतून बंद करता येते.

स्टॅबिलायझरने व्होल्टेजचा खरा चढउतार आवरतो, पण वायरीतला शॉर्ट किंवा कोंडलेली उष्णता त्याने कशी जाईल?

रिले थेट जोडण्याचा सल्ला मात्र कोणीही कधीही पाळू नये. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असेल तर पॉवर सप्लायचे डीसी व्होल्टेज सरळ स्पीकरवर जाते, त्याची व्हॉइस कॉइल (आतली तारेची गुंडाळी) जळते आणि आगीचाही धोका असतो.

सगळे स्पीकर सोडवूनही रिसीव्हर बंदच होत असेल, तर दोष आत आहे असे मानण्यास जागा आहे. तेव्हाही संपूर्ण यंत्र गेलेले असतेच असे नाही. एका चॅनलचे आउटपुट ट्रान्झिस्टर, पॉवर सप्लायचे कपॅसिटर किंवा सुटलेला सोल्डर एवढ्यावर काम निभावू शकते. ते जाणत्या दुरुस्तीकाराकडेच सोपवावे, कारण प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज शिल्लक राहू शकते. नव्या यंत्राचा विचार त्याने खर्चाचा अंदाज दिल्यावर करावा.