छोट्या हत्तीला दोरी बांधून कार ओढायचा तो मेसेज

परत तोच मेसेज फिरतोय. "कार बंद पडली तर क्रेनवाल्याला हजारो रुपये देऊ नका, कुठलाही छोटा हत्ती थांबवा, नायलॉनची दोरी बांधा, न्यूट्रल टाका, चावी काढून निवांत बसा, साडेसातशे किलो वाहणाऱ्या गाडीला कार म्हणजे काहीच नाही." मी स्वतः छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस टेम्पो, चालवतो म्हणून लिहितोय.

साडेसातशे किलो हा हौद्यात भरायचा माल आहे, तो मागच्या चाकांवर बसतो आणि चाकांना पकड देतो. मागे बांधलेली कार तसलं काही देत नाही, नुसती ओढते नाहीतर ढकलते. त्यात जुना 702 सीसीचा हत्ती म्हणजे 16 हॉर्सपॉवर, आणि रिकामी अर्टिगासुद्धा अकराशे किलोच्या वर, म्हणजे रिकाम्या हत्तीपेक्षा जड. सपाटीला ओढेलही हो, पण थांबवणार कोण?

चावी काढायचं ज्यानं लिहिलंय त्याला तर हात जोडले पाहिजेत. चावी काढली की स्टेअरिंग लॉक होतं, पहिल्याच वळणाला कार सरळ जाणार. चावी ऑनच पाहिजे. आणि इंजिन बंद म्हणजे ब्रेकला जोर देणारा बूस्टर बंद, दोन-तीनदा पाय मारला की ब्रेक दगडासारखा होतो, पॉवर स्टेअरिंगही जड.

हे मी बघितलंय. कुंभार्ली घाट उतरून पोफळीच्या पुढं मेहुण्याची स्विफ्ट अशीच बांधली होती, घाटात बांधली नाही एवढीच अक्कल. जरासा उतार आला, कार पुढं सरकली, दोरी ढिली पडून तिच्याच चाकाखाली गेली आणि मी गिअर कमी केला तोवर मागून धाडकन! माझ्या हौद्याचा मागचा फाळका आत, त्याचं बोनेट वर. दाजी, ब्रेक लागतच नव्हता ओ, एवढंच तो म्हणत होता.

नायलॉनची दोरी ताणते आणि तुटली की चाबकासारखी येते. बंपरला तर बांधूच नका, बंपर हातात येतो. बऱ्याच गाड्यांच्या टूलकिटमध्ये टोइंगचा हुक असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून आट्यात फिरवायचा, निम्म्या लोकांना माहीतच नसतं. हौद्याच्या कड्या माल बांधायला असतात, त्यांनाही ओढाओढी नको.

न्यूट्रल टाकलं की झालं हे मॅन्युअलला ठीक. ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्समधलं तेल इंजिन चालू असेल तरच फिरतं, चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढलीत तर गिअरबॉक्सचं बिल क्रेनपेक्षा कितीतरी मोठं येईल. अख्खी गाडी पाठीवर चढवून नेणारा फ्लॅटबेडच मागवा.

नियमात पण ओढताना ताशी 25 किमीच्या वर जायचं नाही, दोन गाड्यांत 5 मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस पाहिजे. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही. नॅशनल हायवेवर असाल तर आधी हायवेची हेल्पलाइन 1033 लावा, आणि इन्शुरन्समध्ये रोडसाईड असिस्टन्स घेतलाय का तेही बघा, बऱ्याच जणांनी पैसे भरलेले असतात आणि विसरलेले असतात.

मला हात केलात तर थांबेन, गाडी कडेला ढकलायला मदत करेन, क्रेन येईपर्यंत चहा पण पाजेन. दोरी नाही बांधणार.