आरएल कुठंय?

नवतपा सुरू होऊन तिसरा दिवस. बाहेर पारा ४५ च्या वर, कूलरमध्ये सकाळपासून चार बकेट पाणी ओतून झालेलं, आणि मी बनियनवर बसून आंबा खाऊन राहिलो होतो तर बँकेतून फोन आला. "सर, प्लॉटचं आरएल लेटर राहून गेलं फाईलला लावायचं. चारपर्यंत मेल करून द्या, नाहीतर प्रपोजल सोमवारवर जाईल."

नागपूरबाहेरच्या लोकांना सांगतो. आमच्याकडे शहराच्या कडेकडेने ले-आउट पडले, लोकांनी प्लॉट घेतले, घरं बांधली, आणि मग २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली ते नियमित करून घ्यायला नासुप्रकडे, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासकडे, अर्ज केले. ते सगळं झाल्यावर हातात जो कागद पडतो तो आरएल, म्हणजे रेग्युलरायझेशन लेटर. नागपुरात प्लॉट घेणारा माणूस पाणी येते का, रोड आहे का हे नंतर विचारतो, आधी विचारतो "आरएल आहे का?" मुलगी दाखवताना शिक्षण विचारतात तसं.

तर आरएल होतं. ओरिजिनल अमरावतीला दादाच्या कपाटात, कपाटाची किल्ली वहिनीच्या पर्समध्ये आणि वहिनी भाचीच्या लग्नाला यवतमाळले. पण मला कायचं टेन्शन? आपल्या कॉम्प्युटरवर स्कॅन आहे ना. "पाच मिनिटात पाठवतो," असं मी बँकवाल्याला इतक्या थाटात सांगितलं की तोही बिचारा "सर तुमच्यासारखे कस्टमर पाहिजे" म्हणून गेला. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

डेस्कटॉप सुरू केला. सगळं आपलं डी ड्राइव्हमध्ये असते, कारण सी ड्राइव्ह फॉर्मॅट मारताना उडतो असं कॉम्प्युटरवाल्याने २००८ साली सांगितलं होतं आणि तेव्हापासून मी सी ड्राइव्हवर भाड्याने राहिल्यासारखा वागतो. सर्चच्या डब्यात आर आणि एल टाकलं. आता मी जरा हुशार माणूस, दोन्हीकडे तारा, म्हणजे ते * चिन्ह, लावला की ती अक्षरं नावात कुठंही असली तरी पकडतो हे मला माहीत होतं, तर म्हटलं काहीच सुटायला नको, दोन्ही बाजूंनी तारा ठोकला आणि एंटर मारलं.

काहीच सुटलं नाही. गर्ल, वर्ल्ड, अर्ली, पार्ले, चार्ली, गार्लिक चटणीची रेसिपी, वर्ल्ड कप २०११ चं टाइमटेबल, कार्ल्याच्या लेण्यांचे फोटो. इंटरनेटच्या शॉर्टकटच्या फायलींचं शेपूटच यूआरएल असते, म्हणजे त्या तर सगळ्याच्या सगळ्या वऱ्हाड घेऊन आल्या. एकूण ४,३१२. आणि वर ती हिरवी पट्टी अजून सरकूनच राहिली होती. ती पट्टी तुम्हाला माहीत आहे, सुरुवातीला अशी धावते की वाटते आता झालंच, आणि मग शेवटच्या बोटभर जागेत जाऊन बसते. नागपूरच्या आधीचं अजनी स्टेशन गेलं की लोक बॅगा काढून दारात उभे राहतात आणि गाडी आउटरला अर्धा तास थांबते, तसंच.

पूर्वी विंडोज एक्सपीमध्ये सर्च करताना निदान एक पिवळा कुत्रा असायचा, रोव्हर नावाचा, बसून शेपूट हलवायचा. सापडायचं तेव्हाही नाहीच, पण कोणीतरी सोबत आहे असं वाटायचं.

साडेबाराला पुतण्या उठला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत आमच्याकडे आलाय, रात्री चारला झोपते. माझ्या मागे उभा राहून त्याने ती ४,३१२ ची यादी पाहिली आणि अशा आवाजात "काकाऽ" म्हटलं, जसं मी बर्डीच्या मेन रोडवर उलट्या दिशेने गाडी घातली.

"काका, तुम्ही सगळ्या डी ड्राइव्हले विचारून राहिले. तो इंडेक्समध्ये नाही."

मग त्याने मला इंडेक्स समजावला आणि मी तो माझ्या भाषेत समजून घेतला. समजा तुम्हाला नागपूरच्या महाल भागात कोणाचं घर शोधायचं आहे. पानठेल्यावर विचारलं तर ठेलेवाला पान लावता लावता मान न उचलता सांगते, "डावीकडे, निळं गेट, पण ते आत्ता घरी नसतील." त्याने आधीच सगळ्यांची माहिती करून ठेवलेली असते. हा इंडेक्स. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स असे सी ड्राइव्हवरचे आपले फोल्डर कॉम्प्युटरच्या ठेलेवाल्याला तोंडपाठ असतात. डी ड्राइव्हच्या गल्लीत ठेलाच नाही. तिथं तो बिचारा एकेक दार वाजवून विचारतो, "आरएल इथंच राहते का?" आणि आतून चार्ली, पार्ले, गार्लिक सगळे "हो हो, या ना" म्हणतात.

"तर मग ठेला लावून दे ना बे तिथं."

"लागते ना. इंडेक्सिंग ऑप्शनमध्ये जाऊन ड्राइव्ह ॲड करायचा. पण पूर्ण व्हायला वेळ लागते, चारच्या आत नाही होणार."

म्हणजे विहीर खोदायची पण आग लागायच्या आधी. मग त्याने मला चाळण्या शिकवायला घेतल्या. काइंड लिहून कोलन, पुढे डॉक्युमेंट, की फोटो-गाणी-व्हिडिओ सगळे बाहेर. साइझ लिहून कोलन आणि मोठ्याचं चिन्ह, की त्याच्याहून जाड तेवढ्याच फायली. दोन शब्द अवतरण चिन्हात टाकले की ते त्याच क्रमाने एकत्र असले तरच. आणि नॉट टाकलं की पुढचं नको. पण नॉट मोठ्या अक्षरांत लिहायचं, छोट्या अक्षरांत लिहिलं तर तो शांतपणे नॉट नावाची फाईल शोधत बसते. हे मला फार आवडलं. घरात पण असंच आहे, "नको" हे मोठ्याने म्हटल्याशिवाय कोणी मनावर घेत नाही, तिसरी पोळी पडतेच ताटात.

तर काइंड डॉक्युमेंट. ४,३१२ चे झाले ६११. त्यात तारीख टाकली, २०१९, कारण आरएल त्याच वर्षी मिळालं हे मला पक्कं आठवत होतं. ६११ चे झाले ३८. मी खुर्चीतून उठून पुतण्याच्या पाठीत थाप मारली. अडतीस फायली म्हणजे काय, चहा होईपर्यंत पाहून होतात.

चहा झाला, अडतीस पाहून झाल्या. आरएल नाही.

पण त्या अडतीसांनी माझी जी अब्रू काढली ते सांगायलाच पाहिजे. विंडोजमध्ये फाईलच्या नावात नऊ चिन्हं चालत नाहीत आणि त्यात तिरकी रेघ आहे. म्हणजे ज्या महाराष्ट्रात अर्धी भांडणं सातबाऱ्यावर होतात, तिथं सातबाऱ्याच्या फाईलला ७/१२ असं नाव देता येत नाही. मी इतक्या वर्षांत दरवेळी ते द्यायला गेलो, दरवेळी त्याने नकार दिला, आणि दरवेळी मी वेगळी पळवाट काढली. ७-१२, ७ १२, ७१२, सात बारा तोडून, सातबारा जोडून, इंग्रजी अक्षरांत एका ए चा, दोन ए चा, आणि एकदा वैतागून नुसतं "शेती". लाइट बिलाचं तेच. मराठीत वीज बिल, विज बिल, इंग्रजीत लाईट बिल एका एल चं, दोन एल चं. कॉम्प्युटरले ऱ्हस्व-दीर्घाची इतकी काळजी आहे हे आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना कळलं असतं तर त्यांनी त्याला मांडीवर घेतलं असतं. पहिली वेलांटी टाकून शोधाल तर दुसरीवाली फाईल समोर असूनही तो ओळख दाखवत नाही.

"काका, नाव सोडा. आतल्या मजकुरात शोधू. मराठीत सातबारा टाका, त्या अर्जांसोबत आरएल असेल."

टाकलं. एकही आयटम नाही. मी म्हटलं असं कसं, सातबारा हा शब्द असलेले निदान दहा अर्ज मी स्वतः टायपिंगवाल्याकडे बसून टाइप करून आणले, समोसे खाऊ घालून. पुतण्याने त्यातला एक उघडला. पानभर नुसती इंग्रजी अक्षरं, काहीच्या काही, जसं मांजर कीबोर्डवरून चालत गेलं. कृतिदेव! टायपिंगवाल्याकडे सगळं कृतिदेवमध्ये, आणि माझ्या नव्या मशीनमध्ये तो फॉन्टच नाही. कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांना मराठीचे कपडे घातलेले. तुम्हाला स दिसते, आत एल आहे. काना दिसते, आत के. आपण युनिकोडमध्ये सातबारा टाकून शोधतो आणि फाईलमध्ये खरोखर लिहिलेलं असते एल के आर सी के जे के.

"तर मग तेच टाकू," मी म्हटलं. आणि टाकलं. एल, के, आर, सी, के, जे, के. अकरा फायली सापडल्या! माझ्या आयुष्यात मी कॉम्प्युटरशी त्याच्या भाषेत बोललो असा हा एकच क्षण. आरएल त्यातही नव्हतं, पण आम्ही दोघं इतके खूष झालो की पुढची पंधरा मिनिटं घरातल्या सगळ्यांची नावं कृतिदेवमध्ये काढत बसलो. पुतण्याच्या नावातून एक शिवी निघाली. दीड वाजला.

मग तारखांचं प्रकरण. मला शंका आली की २०१९ टाकून आपण चुकलो तर नाही. पुतण्याने एका फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. त्यात लिहिलेलं, फाईल जन्मली २०२१ साली आणि तिच्यात शेवटचा बदल झाला २०१७ साली.

"अबे, जन्माच्या चार वर्षं आधी बदल?"

"तुम्ही २०२१ मध्ये जुन्या मशीनमधून सगळं कॉपी केलं ना. कॉपी केली की क्रिएटेडची तारीख नवी पडते, मॉडिफाइडची जुनीच राहते."

म्हणजे माझ्या डी ड्राइव्हमधली सगळी मंडळी २०२१ मध्ये एकाच दिवशी, एकाच दुपारी जन्माला आली आहे. कुंभमेळ्यात आधार कार्ड काढल्यासारखं, सगळ्यांची जन्मतारीख १ जानेवारी.

बायको जेवायला बोलवायला आली तेव्हा दोन वाजून गेले होते आणि आम्ही पीडीएफ, वर्ड, एक्सेल, सगळ्यांतून २०१७ ते २०२१ चाळून बसलो होतो. एक्सेल का, ते मला विचारू नका.

"काय शोधून राहिले एवढं?"

"आरएल. २०१९ चं. तुला काय त्यातलं."

ती दारातच थांबली. "अहो, ते स्कॅन कुठं केलं होतं? मोबाईलवर फोटो काढला होता ना. मारबतच्या दिवशी. दादा पोळ्याला आले होते, ओरिजिनल घेऊन अमरावतीला निघाले तर तुम्ही म्हटलं थांब, फोटो काढून घेऊ. दादांच्याच फोनवर काढला, आणि त्यांनी तुम्हाला व्हॉट्सॲप केला. मी कालच्या उरलेल्या पुरणाच्या पोळ्या लाटून राहिली होती, मला मधातच उठवलं."

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी काइंड कोलन डॉक्युमेंटकडे पाहिलं. दीड तास आम्ही फोटो बाहेर काढून टाकून शोधत होतो. गाळणी इतकी बारीक लावली की चहाच खाली उतरला नाही. आणि फोटोतलं अक्षर आमच्या या सर्चला वाचता येत नाही, त्यामुळे आत आरएल लिहिलेलं असून काही उपयोग नव्हता, त्याच्यासाठी तो पाच-सहाशे केबीचा एक पांढरा चौकोन होता.

पण आता दिवस मिळाला होता. मोबाईलवर पाहिलं, २०१९ चा पोळा ३० ऑगस्टला, शुक्रवारी. मारबत, म्हणजे आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळ्यांची मिरवणूक निघते ती, ३१ ला. आणि व्हॉट्सॲपची एक सवय फार चांगली आहे, तो फोटोच्या नावातच तारीख घालते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, सलग. कॉपी करा, पेनड्राइव्हवर टाका, जन्मतारीख बदलो की न बदलो, नाव तेच राहते. माझ्यासारख्या माणसाने नाव द्यायचं नसते हे त्यांना आधीच कळलेलं. मी तारा, २०१९०८३१, तारा टाकलं. एंटर.

त्रेसष्ठ फोटो. सगळे मारबतचे.

कारण त्या दिवशी अख्ख्या खानदानाच्या ग्रुपवर मारबतचेच फोटो येऊन राहिले होते. पिवळी मारबत समोरून, पिवळी मारबत बाजूने, काळी मारबत, काळी मारबत आणि कोणाचं तरी डोकं, सोबत निघणारे बडग्यांचे पुतळे, त्यांच्या गळ्यातल्या पाट्या, गर्दीत हरवलेल्या चुलत सासऱ्यांचा अर्धा कान. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत आख्खं इतवारी रस्त्यावर. आता इथं कोणता फिल्टर लावता? पुतण्या म्हणे साइझने लावू. बायको म्हणाली, "मोठे करा ना चित्रं," आणि पुढे होऊन तिनेच व्ह्यूमध्ये जाऊन एक्स्ट्रा लार्ज आयकॉन केले. सगळ्या पडद्यावर पिवळं, काळं, पिवळं, काळं, आणि तिसऱ्या ओळीत, एका बडग्याच्या आणि दुसऱ्या बडग्याच्या मधात, पांढरं.

आरएल. शिक्का, सही, प्लॉट नंबर, खसरा नंबर, सगळं स्पष्ट.

तीन वाजून दहा मिनिटांनी मेल केला. साडेतीनला बँकवाल्याचा मेसेज आला. "सर, मिळालं. फक्त डाव्या कोपऱ्यात अंगठा येऊन राहिला, तेवढं क्रॉप करून परत पाठवा."

मोठं करून पाहिलं. कागदाच्या कोपऱ्यावर खरंच एक अंगठा होता, पुरणाने पिवळा झालेला.

बायको ताटं वाढून परत आली आणि माझ्या खांद्यावरून वाचलं. "म्हणजे तेव्हा धरून पण मीच उभी होती," ती म्हणाली, "आज शोधून पण मीच दिलं, आणि कापायचं पण मलाच."