तो चार तासांचा 'हॉबिट' ऑफिशियल नाहीये

'द हॉबिट' सिनेमांचा चार तासांचा सिंगल कट (तिन्ही पार्ट मिळून एकच सिनेमा) दिग्दर्शक पीटर जॅक्सननेच काढलाय असा मेसेज फिरतोय, तर तसं काही नाहीये. त्याचे 2012, 13 आणि 14 ला आलेले तीन पार्ट आणि त्यांच्या एक्स्टेंडेड आवृत्त्या एवढंच ऑफिशियल, आणि एक्स्टेंडेडमध्ये सीन वाढवलेत, कापलेले नाहीत. छोटे कट फॅन्सनी केलेत, मूळ फुटेज कापून, नवीन शूटिंग वगैरे काही नाही. ज्यावरून हे सिनेमे केलेत त्या 1937 च्या पुस्तकात टॉरिएल ही एल्फ योद्धा नाहीच म्हणून बरेच जण तिला काढतात, पण सिनेमात कीली या ड्वार्फची जखम तीच बरी करते, मग त्याच्या पायात घुसलेल्या बाणाचं काय करायचं, तो पुढे लंगडताना दिसतोच ना! फार चिकाटीचं काम आहे हे, क्रेडिट त्या फॅन्सनाच द्या प्लीज.